लाल कार्डाचे जनक : लेफ्टनंट कर्नल केन ॲस्टन



पंचाने खिशातून लाल कार्ड काढले, की खेळाडूला मैदान सोडावे लागते. त्याच्या जागी दुसरा खेळाडू येत नाही, संघाला उरलेला सामना एक गडी कमी घेऊन खेळावा लागतो आणि बाहेर गेलेला खेळाडू पुढच्या सामन्यालाही मुकतो. एवढे तुम्हा सर्वांना पाठ आहे. पण हे कार्ड खेळात आणणारा माणूस पेशाने शाळेचा मुख्याध्यापक होता आणि त्याआधी ब्रिटिश हिंदी सैन्यात लेफ्टनंट कर्नल होता, हे फार थोड्यांना माहीत असते.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे सामने पाहत वाढलो, त्यामुळे फुटबॉल अंगात भिनलेला. आता नोकरीनिमित्त लखनौला, अलीगंज भागात राहतो आणि तुम्हाला मैदानावर शिकवतो. आंतर-हाऊस स्पर्धा सुरू झाल्या, की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो : सर, लाल कार्डाविरुद्ध अपील कसे करायचे? नियम सांगून मी दोन मिनिटांत उत्तर देऊ शकतो. पण अपील म्हणजे काय आणि ते कोणत्या वृत्तीने करायचे, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला मी केन ॲस्टन यांची गोष्ट सांगतो. आज तीच तुम्हा सर्वांसाठी लिहीत आहे.

केनेथ जॉर्ज ॲस्टन यांचा जन्म १ सप्टेंबर १९१५ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, कोलचेस्टर येथे झाला. एक्झेटरच्या सेंट ल्यूक्स कॉलेजात शिक्षण घेऊन ते शिक्षक झाले. १९३६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी पंचाची परीक्षा उत्तीर्ण केली. दिवसा फळा आणि खडू, सुटीच्या दिवशी शिट्टी, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

तेवढ्यात दुसरे महायुद्ध आले. ॲस्टन यांना हवाई दलात जायचे होते. घोट्याच्या जुन्या दुखापतीमुळे तिथे त्यांना नाकारण्यात आले. तेव्हा ते तोफखान्यात, रॉयल आर्टिलरीत भरती झाले आणि पुढे त्यांची बदली ब्रिटिश हिंदी सैन्यात झाली. युद्ध संपले तेव्हा ते लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर होते. एक दार बंद झाले म्हणून घरी बसले नाहीत, एवढे आपण इथेच लक्षात ठेवू.

युद्धानंतर त्यांच्यावर एक वेगळी आणि जड जबाबदारी आली. सिंगापूरमधील चांगी येथे जपानी सैन्याने युद्धकैद्यांना कोंडून ठेवले होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले तेव्हा ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांबरोबर हजारो भारतीय जवानही कैद झाले होते. कैद्यांवर झालेल्या अत्याचारांबद्दल युद्धगुन्ह्यांचे जे न्यायाधिकरण चांगीत बसले, त्यावर ॲस्टन यांनी काम केले.

या न्यायाधिकरणांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आरोपी हरलेल्या शत्रूचे अधिकारी आणि शिपाई होते. लोकांच्या मनात त्यांच्याविषयी संताप होता. तरीही प्रत्येक आरोपीवर नेमका आरोप ठेवला जाई, त्याच्या बाजूने बोलायला बचावाचा अधिकारी किंवा वकील असे, साक्षीपुरावे होत. शिक्षा सुनावल्यावरही ती लगेच अमलात येत नसे. शिक्षा झालेल्याला लेखी अर्ज करता येई, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने सर्व कागद पाहून शिक्षा पक्की केल्यावरच ती लागू होई. निर्णय देणारा एक आणि तो तपासून पाहणारा दुसरा, ही व्यवस्था इतक्या कठीण काळातही पाळली गेली. आपण ज्याला अपील म्हणतो त्याचे मूळ तत्त्व हेच आहे. फुटबॉलच्या पंचाला असा अनुभव सहसा मिळत नाही. ॲस्टन यांना तो मिळाला होता.

मायदेशी परतल्यावर ॲस्टन यांनी पुन्हा शिट्टी हातात घेतली. १९५३ मध्ये ते इलफर्डच्या न्यूबरी पार्क शाळेचे मुख्याध्यापक झाले. खेळात जे अस्पष्ट आहे ते स्पष्ट करायचे, ही त्यांची खोड होती. त्या काळी रेषापंचांच्या हातातील निशाण फिक्या रंगाचे असे, धुक्यात ते दिसत नसे. ॲस्टन यांनी चटकन नजरेत भरणारे पिवळे निशाण वापरायला सुरुवात केली. पुढे विश्वचषकात राखीव पंच नेमण्याची आणि खेळाडू बदलताना क्रमांकाची पाटी दाखवण्याची पद्धतही त्यांनीच रुजवली. आज आपल्या स्पर्धेत चौथा पंच रेषेबाहेर उभा राहून पाटी दाखवतो, तेव्हा तो त्यांच्याच वाटेने चाललेला असतो.

आता १९६२ कडे येऊ. त्या वर्षीचा विश्वचषक चिली देशात होता. दोनच वर्षांपूर्वी, मे १९६० मध्ये, तिथे प्रचंड भूकंप होऊन गेला होता. स्पर्धेआधी इटलीच्या वार्ताहरांनी चिलीच्या गरिबीवर बोचरे लेख लिहिले, आणि चिलीची जनता खवळली. २ जून १९६२ रोजी सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर चिली आणि इटली समोरासमोर आले. पंच होते केन ॲस्टन.

पहिल्या मिनिटापासूनच धसमुसळा खेळ सुरू झाला. दहा-बारा मिनिटेही झाली नव्हती, तोच ॲस्टन यांनी इटलीच्या जॉर्जियो फेरिनीला बाहेर काढले. फेरिनी जाईना. हातवारे, आरडाओरडा, घेराव. शेवटी पोलिसांना मैदानात येऊन त्याला न्यावे लागले. मध्यंतरापूर्वी इटलीचा मारिओ डेव्हिड लाथ मारल्याबद्दल बाहेर गेला. पण त्याच सामन्यात चिलीच्या लिओनेल सांचेझने डेव्हिडला ठोसा मारला होता, दुसऱ्या एका इटालियन खेळाडूचे नाक फुटले होते, आणि सांचेझ मात्र शेवटपर्यंत मैदानावरच राहिला. चिली २-० ने जिंकला. हा सामना आजही सांतियागोची लढाई या नावाने ओळखला जातो.

या सामन्यातून दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली अशी, की पंचाला सगळे दिसत नाही. ॲस्टन जगातल्या उत्तम पंचांपैकी होते, तरी एक मोठा अपराध शिक्षेविना सुटला. दुसरी अशी, की खेळाडू निर्णय मानत नसेल तर मैदानावर न्यायच शक्य नाही. फेरिनीबरोबर वाद चालला तेवढा वेळ खेळ बंद होता आणि राग वाढत होता. त्या वादातून कोणालाही काही मिळाले नाही.

त्याच स्पर्धेत, त्याच मैदानावर, अकरा दिवसांनी फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली दाद मागितली गेली. १३ जूनच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलने चिलीला ४-२ ने हरवले. पेले जखमी होऊन स्पर्धेबाहेर होता आणि गारिंचाने एकट्याने दोन गोल केले होते. पण शेवटच्या काही मिनिटांत चिलीच्या खेळाडूला लाथ मारल्यावरून पेरूचे पंच आर्तुरो यामासाकी यांनी गारिंचाला बाहेर काढले. अंतिम सामना चार दिवसांवर. ब्राझीलने धावपळ केली. प्रकरण शिस्तपालन समितीपुढे गेले. ज्या रेषापंचाने लाथ पाहिली होती, त्याची साक्ष समितीपुढे झालीच नाही. गारिंचाला खेळायची परवानगी मिळाली. १७ जूनला ब्राझीलने चेकोस्लोव्हाकियाला ३-१ ने हरवून चषक राखला.

गारिंचा खेळला याचा आनंद खेळावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला झाला असेल. पण पडद्यामागून वजन वापरले गेले, अशी चर्चा तेव्हा सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. मित्रांनो, अपील जिंकणे आणि अपील स्वच्छपणे जिंकणे यांत हा फरक असतो. साक्षीदार समोर आला असता, समितीने त्याला ऐकून घेऊन तोच निर्णय दिला असता, तर गारिंचाच्या त्या विजयाकडे आज कोणी बोट दाखवले नसते.

१९६३ मध्ये इंग्लंडच्या एफ. ए. चषकाचा अंतिम सामना खिलवून ॲस्टन यांनी मोठ्या सामन्यांचा निरोप घेतला. पुढे ते फिफाच्या पंच समितीवर गेले आणि १९६६ च्या इंग्लंडमधील विश्वचषकात पंचांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. २३ जुलै १९६६ रोजी वेम्ब्ली स्टेडियमवर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा उपउपांत्य सामना होता. जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनिओ रातीन याला बाहेर जाण्यास सांगितले. पंचाला स्पॅनिश येत नव्हते, रातीनला जर्मन येत नव्हते. रातीन दुभाषी मागत उभा राहिला. कित्येक मिनिटे खेळ खोळंबला. ॲस्टन यांना स्वतः रेषेजवळ येऊन समजूत घालावी लागली. त्याच सामन्यात इंग्लंडच्या जॅक आणि बॉबी या चार्लटन बंधूंना पंचाने ताकीद दिल्याची बातमी आली आणि प्रशिक्षक आल्फ रॅम्से यांना त्याबद्दल फिफाकडे विचारणा करावी लागली. म्हणजे शिक्षा झाली की नाही, हेच संघाला धड कळले नव्हते.

सामन्यानंतर ॲस्टन मोटारीने घरी निघाले होते. डोक्यात तोच विचार. लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर सिग्नल पिवळा झाला, मग लाल झाला. आणि त्यांना उत्तर सापडले. पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे थांब. यात भाषेचा प्रश्नच नाही. आपल्या अलीगंजच्या कपूरथला चौकात बाहेरगावचा ट्रकवालासुद्धा दिवा पाहून थांबतो, त्याला कोणी हिंदी किंवा अवधी शिकवावी लागत नाही. ॲस्टन यांनी हीच साधी गोष्ट मैदानावर आणली.

१९७० च्या मेक्सिको विश्वचषकात पिवळी आणि लाल कार्डे प्रथम वापरात आली. गंमत म्हणजे त्या संपूर्ण स्पर्धेत लाल कार्ड एकदाही दाखवावे लागले नाही. विश्वचषकातले पहिले लाल कार्ड १४ जून १९७४ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये निघाले. यजमान पश्चिम जर्मनीविरुद्ध खेळणारा चिलीचा कार्लोस कासेली हा तो खेळाडू. पुढे कार्डांची कल्पना इतर खेळांनीही उचलली. कुंवर दिग्विजय सिंह बाबू यांच्या या लखनौ शहरात हॉकी खेळणाऱ्यांना हिरवे, पिवळे आणि लाल अशी तीन कार्डे माहीत आहेतच.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. कार्डाने वाद संपवला, मग दाद मागण्याची सोय कुठे राहिली? माझ्या समजुतीप्रमाणे कार्डामुळे ती सोय अधिक पक्की झाली. मैदानावर काय निर्णय झाला याबद्दल आता शंका उरत नाही. खेळ पुढे चालू होतो. त्या निर्णयाच्या परिणामांबद्दल बोलायचे असेल तर शांतपणे, लेखी, समितीसमोर बोलता येते. नियमांतही हीच विभागणी आहे. खेळातील घटनांबद्दल पंचाचा निर्णय अंतिम असतो. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो बदलत नाही, सामना परत खेळवला जात नाही. पण पुढच्या सामन्यांची बंदी हा शिस्तपालन समितीचा विषय असतो. तिथे दाद मागता येते की नाही, किती मुदतीत आणि कोणत्या कारणावर, हे त्या त्या स्पर्धेच्या नियमावलीत लिहिलेले असते. नियमावली आधी वाचा. मुदत बहुधा फार थोडी असते.

कारणे साधारण तीन प्रकारची असतात. पहिले, माणूस चुकला. २२ मार्च २०१४ रोजी चेल्सी आणि आर्सेनल यांच्या सामन्यात चेंडूला हात लावला चेंबरलेनने आणि लाल कार्ड मिळाले त्याचा सहकारी गिब्जला. नंतर चित्रफीत पाहून गिब्जची बंदी रद्द झाली. दुसरे, अपराध तेवढा गंभीर नव्हता किंवा घडलाच नव्हता. हे सिद्ध करणे कठीण असते, कारण पंचाची उघड चूक दाखवावी लागते; नुसता मतभेद पुरत नाही. तिसरे, अपराध मान्य, पण शिक्षा जास्त आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये इंग्लंडच्या वेन रूनीला माँटेनेग्रोविरुद्ध लाथ मारल्याबद्दल तीन सामन्यांची बंदी झाली. अपिलात लाथ नाकारण्यात आली नाही, शिक्षा कमी करण्याची विनंती झाली. त्यातला तिसरा सामना स्थगित ठेवला गेला आणि बंदी दोन सामन्यांवर आली.

आणि कधी कधी दाद मागायला जागाच नसते. १९९८ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात फ्रान्सच्या लोराँ ब्लाँला लाल कार्ड मिळाले. प्रतिस्पर्ध्याने लागल्याचा कांगावा केला असे असंख्य प्रेक्षकांना वाटले. तरी बंदी टिकली. स्वतःच्या देशात होत असलेला विश्वचषकाचा अंतिम सामना ब्लाँला बाहेर बसून पाहावा लागला. फ्रान्स जिंकला, पण तो त्या सामन्यात नव्हता. हे अन्यायाचे वाटते, आणि असेलही. ज्या नियमात आपण खेळायला उतरलो, तो आपल्याविरुद्ध गेला तरी पाळायचा असतो, हे त्या दिवशी ब्लाँने करून दाखवले.

गेल्या हंगामातली आपल्याच शाळेतली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. उपांत्य सामन्यात बारावीच्या एका कॅडेटला उशिरा केलेल्या टॅकलबद्दल लाल कार्ड मिळाले आणि दोन सामन्यांची बंदी झाली. शाळेतला त्याचा तो शेवटचा हंगाम होता. हाऊसच्या मुलांनी चार पानी अर्ज आणला. त्यात तीन पाने पंच कसे पक्षपाती आहेत याचीच होती. मी तो परत दिला. एका पालकांनी मोबाइलवर सामन्याचे चित्रण केले होते, ते आम्ही सर्वांनी मिळून पाहिले. पंचांनी जे पाहिले तेच घडले होते. मग मुलांनी नवा अर्ज लिहिला, एका पानाचा. टॅकल उशिरा झाला हे मान्य. खेळाडूचा हा पहिलाच अपराध. कार्ड दिसताच तो एकही शब्द न बोलता बाहेर गेला. जखमी मुलाला भेटायला तो त्याच संध्याकाळी गेला होता. समितीने बंदी एका सामन्यावर आणली. तो एक सामना म्हणजे नेमका अंतिम सामना होता. कॅडेट खेळला नाही. रेषेबाहेर उभा राहून सोबत्यांना पाण्याच्या बाटल्या देत होता. त्याचे हाऊस हरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाला कार्ड मिळाले की प्रेक्षकांतून ओरडण्याने त्याची बाजू भक्कम होत नाही. तुमच्याकडे चित्रण असेल तर ते द्या, काय पाहिले ते सांगा आणि उरलेले समितीवर सोडा.

तुमच्यापैकी अनेकजण उद्या सैन्यात जाल. तिथेही हीच रीत आहे. आदेश आधी पाळायचा. आपल्यावर अन्याय झाला असे वाटले तर वरिष्ठांकडे रीतसर तक्रार करण्याचा हक्क १९५० च्या आर्मी ॲक्टने जवानाला आणि अधिकाऱ्याला, दोघांनाही दिलेला आहे. कलम २६ आणि २७ मुद्दाम वाचा. शिस्त आणि दाद मागण्याचा हक्क एकमेकांच्या विरोधात नाहीत. ज्याने निर्णय मानला, त्याचेच म्हणणे पुढे शांतपणे ऐकले जाते.

केन ॲस्टन यांनी उतारवयात अमेरिकेतील पंचांना शिकवण्याचेही काम केले. १९९७ मध्ये ब्रिटनने त्यांना एम. बी. ई. हा किताब दिला. २३ ऑक्टोबर २००१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शाळामास्तर, सैनिक, न्यायाधिकरणाचे सदस्य आणि पंच, अशा चार भूमिका त्यांनी पार पाडल्या. या हंगामात तुमच्यापैकी कोणासमोर लाल कार्ड आलेच, तर आधी मैदानाबाहेर या. पाणी प्या, बूट सोडा. मग कागद घ्या आणि काय घडले तेवढेच लिहा. ते घेऊन माझ्याकडे या. आपण नियमावली सोबत वाचू.